पहिला हिवाळी ट्रेक: कोराईगड, तिकोना, लोहगड आणि जाहिरातीतला 'सोपा'

दिवाळीचा फराळ संपत आला की मोबाइलवर एक दिवसाच्या ट्रेकच्या जाहिराती येऊ लागतात. प्रत्येक जाहिरातीत एक रकाना ठरलेला असतो: 'काठिण्य – सोपा'. कोराईगड सोपा, राजमाची सोपा, कळसूबाई 'सोपा ते मध्यम'. आता कोराईगडाचा माथा पाऊण तासात हाती येतो. राजमाचीला लोणावळ्याहून एका बाजूनेच पंधरा किलोमीटर चालावं लागतं. कळसूबाईला पायथ्याच्या बारी गावापासून साधारण नऊशे मीटर चढायचं असतं. तिघांनाही एकच शब्द कसा चालतो? कारण ट्रेकवाल्यांच्या भाषेत 'सोपा' म्हणजे दोर लागत नाही, एवढंच. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला त्या शब्दातून जे ऐकू येतं, ते त्यात नसतं.

म्हणून पहिल्या ट्रेकसाठीच्या वाटा इथे उंचीवरून न तोलता तीन गोष्टींवरून तोलल्या आहेत. एकूण किती तास पायांवर राहावं लागतं, उतार कसा आहे, आणि अर्ध्यावर दम संपला तर मागे फिरता येतं का. किल्ला समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हा आकडा यात जवळजवळ निरुपयोगी. सिंहगड १३१२ मीटर आणि कोराईगड ९२३ मीटर, पण पायांना या आकड्यांशी देणंघेणं नसतं. पायथ्याचं गाव किती उंचावर आहे आणि तिथून किती चढायचं आहे, तेवढंच त्यांना कळतं.

हिशोब घरी बसून करता येतो. नवख्या माणसासाठी सपाटीला तासाला तीन किलोमीटर धरा आणि दर तीनशे मीटर चढाला एक तास वाढवा. सरावलेले लोक याच्या निम्म्या वेळात जातात, पण गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरतो, म्हणून हिशोब त्याचाच करायचा. उतरायला चढाच्या पाऊणपट वेळ ठेवा, निम्मा नको. त्यात गडावरचा दीड-दोन तासांचा मुक्काम मिळवा. डिसेंबरच्या अखेरीस आपल्याकडे दिवस साधारण अकरा तासांचाच असतो. सूर्य सातच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी सहाला मावळतो आणि डोंगराच्या पूर्वेकडच्या घळीत त्याच्या तासभर आधीच अंधारून येतं. हिशोबाची बेरीज आठ तासांच्या वर गेली, तर तो ट्रेक पहिला म्हणून बाद.

कोराईगड

या यादीत पहिला क्रमांक निर्विवाद कोराईगडाचा. लोणावळ्याहून ॲम्बी व्हॅलीच्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवर पेठ शहापूर गाव लागतं, तिथूनच वाट सुरू होते. पहिली पंधरा-वीस मिनिटं झाडीतून जवळपास सपाट पायवाट आहे. हे फार कामाचं. पायांना गरम व्हायला वेळ मिळतो आणि बुटाची लेस कुठे काचते, पिशवीचा पट्टा कुठे रुततो, ते चढ लागण्याआधीच कळतं. त्यानंतर पायऱ्या सुरू होतात. वाटेत कोरीव गुहा आणि गणपती लागतो, तिथे दम घ्यायला सावली आहे. मग गणेश दरवाजा आणि लगेच माथा.

माथा अगदी सपाट. दोन तळी, कोराई देवीचं मंदिर, तोफा आणि सगळ्या गडाला वेढणारी, बऱ्याच ठिकाणी चालण्याजोगी तटबंदी. ही फेरी तासाभराची. स्वच्छ सकाळी तिकडून तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर ओळीने ओळखता येतात. नवख्या माणसाला पुढचे चार ट्रेक एका नजरेत दिसतात, हा या गडाचा खास फायदा. मात्र तट काही ठिकाणी ढासळलेला आहे आणि पावसात वाढलेलं गवत हिवाळ्यात वाळून दगडांमधल्या फटी झाकतं. तटाच्या कडेने न जाता आतल्या पायवाटेने चाला. मुलं बरोबर असतील तर हे आधीच बजावून ठेवा.

उणी बाजू म्हणजे माथ्यावर सावली नाही. डिसेंबरातही अकरानंतर ऊन चांगलंच चटका देतं. सकाळी आठला चढायला लागलात तर साडेअकराला पुन्हा पायथ्याशी. एकूण साडेतीन ते चार तास. दुसरी अडचण वाहनाची. लोणावळ्याहून एसटी आहे, पण फेऱ्या मोजक्या. परतीच्या फेरीची वेळ लोणावळा स्थानकावर विचारून मगच गाडीत बसा, नाहीतर गडापेक्षा थांब्यावर जास्त वेळ जायचा.

तिकोना

पवना धरणाच्या कुशीत, कामशेतहून काळे कॉलनीमार्गे तिकोना पेठ. चढ तासाभराचा, पण कोराईगडापेक्षा एक पायरी वरचा. सुरुवातीची वाट रुंद आणि मजेची. वेताळ दरवाजा, मग चपेटदान मारुती, तुळजाईचं लेणं, शेजारी पाण्याचं टाकं, चुन्याचा घाणा. दर दहा मिनिटांनी थांबायला काहीतरी कारण मिळतं, आणि नवख्या पायांना अशी कारणं हवीच असतात.

खरी परीक्षा शेवटच्या टप्प्यात आहे. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या उंच, अरुंद आणि चांगल्याच खड्या आहेत, आधाराला तार लावलेली आहे. चढताना त्यांचं काही वाटत नाही. उतरताना खालची दरी एकदम समोर येते आणि काही जण तिथे बसकण मारतात. यावर उपाय सोपा आहे. शिडी उतरतात तसं तोंड डोंगराकडे करून उतरायचं. तारेवर सगळा भार टाकायचा नाही, ती तोल सांभाळण्यापुरती. चढणारे आणि उतरणारे एकाच वेळी त्या पायऱ्यांवर असले की कोंडी होते, म्हणून वरून आवाज देऊन एक बाजू आधी मोकळी होऊ द्यावी. रविवारी साडेनऊनंतर ही कोंडी जवळपास ठरलेली असते.

माथ्यावर त्र्यंबकेश्वर महादेवाचं मंदिर आणि खाली पवनेचं पाणी. हिवाळ्यात सकाळी जलाशयावर धुकं साचतं, ते नऊ-साडेनऊपर्यंत टिकतं. ते बघायचं तर सातला पायथ्याशी हवं. उंचीची थोडी भीती असणाऱ्यांनी आधी कोराईगड करावा आणि मग इथे यावं. भीती जास्त असेल तर बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांखाली थांबलं तरी दिवस वाया जात नाही. तिसऱ्या मोजमापात तिकोना इथेच पास होतो, कारण अर्ध्यातून परतण्याजोग्या चांगल्या जागा त्यात आहेत.

लोहगड

गाडी नाही, ट्रेक कंपनीही नको, अशांसाठी लोहगड. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं की झालं. मुंबईकरांनी लोणावळ्याला उतरून पुण्याकडे जाणारी लोकल पकडायची. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. गर्दी त्याच्या आधीपासूनच होती.

गड स्वतः सोपा आहे. लोहगडवाडीपासून बांधीव पायऱ्या, आणि गणेश, नारायण, हनुमान, महादरवाजा असे चार दरवाजे एकामागोमाग एक. सर्पाकार वळणं घेत वाट चढते, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. पाऊण तासात वर. गणेश आणि नारायण दरवाजांच्या मधे धान्य साठवायची भुयारं आहेत. वर लक्ष्मी कोठी आणि नाना फडणवीसांच्या काळातली सोळा कोनी बाव.

गोची आहे ती मळवली ते लोहगडवाडी या सात-आठ किलोमीटरची. जाहिरातीत हे अंतर मोजत नाहीत, कारण बस थेट वाडीत जाते. लोकलने येणाऱ्यांनी मात्र ते दुप्पट करून हिशोबात धरावं. दोन्ही बाजू पायी केल्या तर पाऊण तासाचा गड पंधरा किलोमीटरचा होतो. आमची शिफारस अशी: सकाळच्या गारव्यात भाजे गावावरून, गायमुख खिंडीमार्गे पायी जा आणि दुपारी मळवलीपर्यंत रिक्षाने परता. त्यासाठी सकाळीच स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी वेळ आणि भाडं ठरवून घ्या. दुपारी वाडीत रिक्षा शोधायची वेळ आणू नका. अंगात जोर उरला तर वाटेत भाजे लेण्यांशी उतरा. बावीस लेणी आहेत आणि तिथेही पायऱ्या चढाव्या लागतात, हे विसरू नका. दुपारच्या वेळी पुणे–लोणावळा लोकलच्या गाड्या विरळ असतात, तेव्हा वेळापत्रक बघूनच खाली उतरा.

विंचूकाटा ही गडाची लांब, चिंचोळी माची. फोटोत सगळ्यांना तीच हवी असते. मुख्य माथ्यावरून तिकडे जायला थोडा कातळ उतरावा लागतो आणि येताना तोच चढायचा असतो. जाऊन-येऊन एक तास धरा, आणि दुपारी बारानंतर निघू नका. गडावर माकडांचा उपद्रव आहे. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच समजा. खाणं पाठीवरच्या पिशवीत, चेन पूर्ण लावून.

सोप्या नावाचे अवघड

राजमाचीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. लोणावळ्याहून गडाखालच्या उधेवाडी गावापर्यंतची वाट जवळपास सपाट, जीपचा रस्ताच म्हणा ना. कुठेही धाप लागत नाही, म्हणून 'सोपा'. पण आपला हिशोब लावा. पंधरा किलोमीटर म्हणजे नवख्याला पाच तास. त्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. परत तेवढंच. दिवस अकरा तासांचा. बेरीज बसतच नाही. कोंढाणे लेण्यांच्या बाजूने, कर्जतकडून येणारी वाट कमी लांबीची आहे, पण ती खडी आहे आणि तिकडून उतरताना गुडघे बोलू लागतात. राजमाची हा उधेवाडीत मुक्काम करून दोन दिवसांत करायचा सुरेख ट्रेक आहे. एका दिवसात विकला जातो तो वेगळाच माल.

कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, त्यामुळे 'पहिलाच ट्रेक कळसूबाई' असं सांगायला बरं वाटतं. वाट चुकण्याची भीती नाही, अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. तरीही पहिला म्हणून नको. नऊशे मीटरचा चढ म्हणजे आमच्या हिशोबाने चार तास, उतरायला तीन. त्यातही बहुतेक सहली रात्रीच्या असतात. पुण्याहून रात्री निघून चार-पाच तास बसमध्ये अवघडून बसायचं आणि झोप न होता अंधारात चढायला लागायचं. सूर्योदय छान होतो, पण उतरताना अंगात काही उरलेलं नसतं आणि पाय मुरगळतात ते तेव्हाच. माथ्यावर पहाटेचा वारा इतका बोचरा असतो की घामाने भिजलेला सुती टीशर्ट पाच मिनिटांत बर्फासारखा लागतो. शिवाय शिडीवर एका वेळी मोजकीच माणसं जातात. चाळीस जणांच्या गटाला माणशी एक मिनिट धरलं, तरी एका शिडीपाशी चाळीस मिनिटं गारठत उभं राहायचं. तीन-चार छोटे गड झाल्यावर, मधल्या वारी, दिवसाउजेडी करा. तेव्हा तो खरंच मध्यम वाटेल.

हरिहर गड आणि कलावंतीणचा सुळका यांच्यावर जास्त शब्द खर्च करत नाही. कातळात कोरलेल्या खड्या पायऱ्या, एका बाजूला दरी आणि मागून रेटणारी रांग. रीलमध्ये त्या भारी दिसतात. पहिल्या ट्रेकला नको.

पुण्यात राहणाऱ्यांना एक फुकटची चाचणी उपलब्ध आहे: सिंहगड, आतकरवाडीची पायवाट. स्वारगेटहून पीएमपीची बस पायथ्यापर्यंत जाते. साधारण सहाशे मीटर चढ, वाटेत ताक-लिंबूसरबत मिळतं आणि वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. ही वाट न थांबता नव्हे, पण न रडता दोन तासांत झाली आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरता आला, तर वरचे तिन्ही गड तुमचे. नाही जमली तर तीन आठवडे रोज पाच-सहा मजले चढा-उतरा. त्यातही उतरणं महत्त्वाचं, लिफ्टने खाली येऊ नका.

पैसे भरून जायचं तर

ट्रेक कंपनीच्या पॅकेजमध्ये साधारणपणे बसचं जाणं-येणं, पोहे-चहा, गावात जेवण आणि ट्रेक लीडरची फी असते. जेवण बहुतेकदा चांगलंच असतं, गावातल्या घरची भाकरी, पिठलं, ठेचा. किंमत तुलनेने पाहताना जेवणाकडे नव्हे, लीडरकडे बघा. दहा ते पंधरा जणांमागे एक लीडर हे नवख्यांच्या गटाचं योग्य प्रमाण. पन्नास जणांमागे दोन असतील तर तुम्ही फक्त बसचं तिकीट काढलं आहे.

पैसे भरण्याआधी फोनवर विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. चढायला प्रत्यक्ष किती वाजता सुरुवात? 'सकाळी लवकर' हे उत्तर नाही. सगळ्यांच्या मागे कोण चालतो? शेवटच्या माणसाच्याही मागे एक जाणता माणूस हवाच, कारण नवखा माणूस मागे पडतो आणि वाट चुकतो तीही तिथेच. कुणी अर्ध्यावर थांबला तर त्याच्याबरोबर कोण थांबतं? प्रथमोपचाराची पेटी आणि ती वापरायचं प्रशिक्षण आहे का? राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, हे सरळ विचारा. या प्रश्नांनी चिडणारा आयोजक डोंगरातही चिडणारच.

एक चांगली खूण सांगतो: आयोजकाने तुम्हाला उलटे प्रश्न विचारले पाहिजेत. वय, दमा, गुडघेदुखी, रक्तदाबाची गोळी, आधीचा अनुभव. फक्त नाव आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट मागणाऱ्याला तुमच्या गुडघ्यांची फिकीर नाही.

पायात, पाठीवर, डब्यात

हिवाळ्यातल्या सह्याद्रीत खरा वैरी थंडी नसून घसारा आहे. पाऊस थांबल्यावर माती सुकते, मुरमाचे बारीक खडे वर येतात आणि उतारावर पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. वाळलेलं गवतही निसरडं असतं. धावायच्या बुटाचा तळ मऊ आणि गुळगुळीत, तो इथे धरत नाही. खोल खाचांचा रबरी तळ हवा. मराठी ट्रेकर वर्षानुवर्षं वापरतात ते ॲक्शनचे ट्रेकिंगचे बूट किंवा डेकॅथलॉनचे क्वेचुआचे सुरुवातीचे बूट, दोन्ही या तीन गडांना पुरेसे आहेत. घोटा झाकणारे महागडे बूट पहिल्या ट्रेकला घेऊ नका. कुठलाही बूट आदल्या दिवशी आणलेला नको, आधी आठवडाभर घालून फिरा. अर्धा नंबर मोठा घ्या आणि दोन दिवस आधी पायाची नखं कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आदळत राहतो आणि नख काळं पडतं ते यामुळेच. उतरण्याआधी लेस पुन्हा आवळा, घोट्यापाशी जास्त घट्ट.

घसाऱ्यावर पावलं छोटी, गुडघे किंचित वाकलेले, तळवा पूर्ण टेकवून. मागे रेलून टाच रोवायला गेलात की घसरगुंडी झालीच. भार पुढे ठेवा. पुढच्या माणसापासून दोन-तीन मीटर अंतर सोडा, कारण घसरणारा एकटा घसरत नाही.

पाणी माणशी तीन लिटर. थंडीत तहान जाणवत नाही, म्हणून लोक एक बाटली घेऊन निघतात आणि बाराच्या उन्हात डोकं दुखायला लागतं. एका लिटरमध्ये लिंबू, मीठ, साखर घाला आणि दर अर्ध्या तासाला चार घोट घ्या, तहान लागो न लागो. गडावरच्या टाक्यांत पाणी असतं, पण उकळल्या-गाळल्याशिवाय पिऊ नका.

डब्यात दशम्या किंवा धपाटे, बरोबर शेंगदाण्याची चटणी. संत्री, काकडी, गूळ-शेंगदाणे, तिळाच्या वड्या. केळं वरच्या कप्प्यात ठेवा, तळाशी त्याचं शिकरण होतं. गडावर गेल्यावर पोटभर जेवू नका. अर्धं वर, अर्धं खाली उतरल्यावर.

कपड्यांत जीन्स नको, घामाने जड होते आणि गुडघा वाकू देत नाही. पूर्ण बाह्यांचा, लवकर वाळणारा टीशर्ट घाला. कारवी आणि काट्यांपासून हात वाचतात, उन्हापासूनही. एक विंडचीटर, टोपी आणि विजेरी घ्या. दुपारी दोनला परत येणार असलात तरी विजेरी हवी. मोबाइलची विजेरी ही विजेरी नव्हे, कारण बॅटरी संपली की फोनही गेला.

कातळकड्यांवर आग्या मोहोळं असतात. त्यांच्या आसपास अत्तर, धूर आणि आरडाओरड नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोकं झाकून तिथून झपाट्याने लांब जा. जानेवारीनंतर वाळल्या गवताला वणवा लागतो, एक पेटती काडी पुरते. चूल, शेकोटी, सिगारेट गडावर नको.

निघण्यापूर्वी घरी गडाचं नाव, पायथ्याचं गाव आणि परतीची वेळ लिहून ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२, आणि डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक घरीच शोधून फोनमध्ये साठवा. गडाच्या मागच्या अंगाला रेंज जाते. मदत लागली तर आधी रेंज असलेल्या कड्यापर्यंत किंवा माथ्यावर एकाला पाठवा आणि दुसऱ्याने जखमी माणसापाशी थांबा. म्हणजे पहिल्या ट्रेकला किमान तिघं तरी हवेत.